मांजरवाट

मागच्या दाराच्या काचेवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, डागांची एक वाकडी ओळ होती. एकेक डाग तुरीच्या डाळीएवढा. मधे स्वच्छ आणि कडेला बारीक काळी रेघ. मांजर नाक टेकवतं, नाकाचा ओलावा काचेवर उतरतो, चंद्रपूरच्या हवेतली कोळशाची धूळ त्या ओलाव्याच्या कडेकडे सरकते, आणि ओलावा वाळला की कड तेवढी उरते. रीताने हे पुष्कळदा पाहिलं होतं. दार जिकडून उघडतं त्या बाजूला डाग दाट होते आणि बिजागरीकडे विरळ होत गेले होते. म्हणजे दार कुठून उघडतं हे मांजराला माहीत होतं. त्याच्या बरंच वर, छातीच्या उंचीवर, माणसाच्या तळहातांचे ठसे होते. ते मात्र सगळीकडे सारखेच पसरलेले होते, बिजागरीकडेही. तळहातांचे ठसे ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची. नाकाचे राहू द्यायची.

आज त्या ओळीच्या जागी भोक पाडायचं होतं. तिच्या मुलाने, प्रफुलने, बंगळुरूहून खोकं पाठवलं होतं. त्यात प्लास्टिकची एक पांढरी गोल चौकट आणि तिच्यात झुलणारी पारदर्शक झडप. मांजराने डोक्याने ढकललं की उघडणार, मांजर गेलं की आपोआप मिटणार. ‘आई, इकडे सगळे लावतात, थोडंच काम आहे,’ तो फोनवर म्हणाला होता. याच्याआधी त्याने बाबांच्या मनगटात घालायचा पट्टा पाठवला होता. बाबा कुठे आहेत ते त्याला बंगळुरूत बसून दिसायचं. डोमाने, तिच्या नवऱ्याने, तो दातांनी तोडला. त्याच्याआधी कॅमेरा. प्रफुल वाईट मुलगा नव्हता. त्याला काहीतरी करायचं होतं, आणि करण्यासारखं जे होतं ते खोक्यात मावणारं नव्हतं.

झडप मांजरासाठी होती असं सगळे म्हणत होते, पण ती डोमासाठी होती. मांजर दारापाशी बसून ओरडायचं, आणि डोमाला आपण कोण हे जरी आठवत नसलं तरी ओरडणाऱ्या जिवाला दार उघडायचं असतं हे आठवत होतं. तो उठायचा, कडी काढायचा, मांजर बाहेर पडायचं आणि मांजरामागे तो. पावसाळ्याच्या तोंडी असाच एकदा संध्याकाळी गेला आणि वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याकडच्या रस्त्यावर सापडला, पायात एक चप्पल, आणि रस्त्याच्या कडेला गवतात काही चाललंय का ते दोन माणसं मोटरसायकलचा दिवा टाकून बघत होती. या बाजूला बिबट यायचाच, डुकरांच्या मागे, कुत्र्यांच्या मागे. त्याचं कुणाला नवल नव्हतं. दुसऱ्या दिवशी रीताने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. तेव्हापासून मांजर आत ओरडायचं आणि डोमा दोन्ही तळहातांनी काच थोपटायचा. जोरात नाही. पाठीवर थोपटल्यासारखी. तो आवाज तिला स्वयंपाकघरात ऐकू यायचा, न्हाणीघरात ऐकू यायचा, आणि तो झोपलेला असला तरी ऐकू यायचा. मांजराला त्याचं त्याचं जाता आलं तर ते ओरडणार नाही, ते ओरडलं नाही तर हा उठणार नाही. विचार सरळ होता. प्रयोगशाळेत एखादी नळी दुसरीकडे वळवावी तसा.

“एका बिल्लीसाठी एवढं भोक, मॅडम?” काचवाला मिथुन गुडघ्यांवर बसून पांढरी चौकट काचेला लावून बघत होता. चाळिशीचा, बोलका माणूस. मूल गावाकडच्या रोडवर त्याचं दुकान होतं. “आमच्या घरी माणसाले धड दार नाई. पोट्टे भिंतीवरून येते. अन् इथी बिल्लीले स्वतंत्र व्यवस्था! पुढच्या जन्मी तुमच्याच घरी बिल्ली होतो मी.”

“त्यापेक्षा डुक्कर हो,” आतून गोकुळाबाई म्हणाली. “डुकराले कोणी कोंडत नाई.”

गोकुळाबाई म्हणजे डोमाची मोठी बहीण. मार्कंड्याच्या खाली वैनगंगेच्या काठावर तिचं घर; नवरा गेला, मुलगे डोंग्यावर, मासे मारायला. काल ती आली होती, सुकलेले झिंगे कापडात बांधून, आणि आज दुपारच्या चामोर्शीच्या गाडीने परत जाणार होती. ती खुर्चीवर बसत नसे. डोमाच्या खुर्चीशेजारी जमिनीवर, भिंतीला टेकून बसली होती, आणि त्याच्या पायाच्या बोटांची वाढलेली नखं ब्लेडने काढत होती. तो नखं काढू देत होता. रीताला तो देत नसे.

“आमच्याकडे धानाच्या कोठीले असते असं भोक,” ती मिथुनला म्हणाली. “मांजरवाट म्हणते आमच्यात. उंदरं मारासाठी मांजर आत गेली पायजे, अन् चोर नाई गेला पायजे.” ब्लेड थांबलं. “तुम्ही उलटं करून राह्यले. मांजर बाहेर गेली पायजे, अन् माणूस नाई गेला पायजे. बिल्लीले वाट, अन् माया भावाले कुलूप.”

मिथुन हसला, मग हसू नये असं त्याला वाटलं. या बोलण्यात राग नव्हता हेच रीताला कठीण जात होतं. गोकुळाबाई हवामान सांगितल्यासारखी बोलायची. गेली दोन वर्षं प्रत्येक वेळी जाताना ती एकच विचारायची, मंग, देतं का माया भावाले? आणि रीता म्हणायची, बघू, बाई. पुढच्या महिन्यात नागपूरच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. बघू, बाई. गोळी बदलली आहे. बघू. या ‘बघू’मध्ये आपण काय बघत होतो, असं तिने मनाशी एकदा विचारलं होतं, आणि उत्तर तिच्या जुन्या कामातून आलं होतं. कोळशाचा नमुना भट्टीत ठेवायचा, काढायचा, गार करायचा, वजन करायचं. पुन्हा ठेवायचा. वजन घटतच जातं. आणि एका क्षणी घटायचं थांबतं, दोनदा सारखंच येतं. याला स्थिर वजन म्हणतात. जे जळायचं ते जळून गेलं, आता जे उरलं ते उरणारच, ती राख. वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं तिने हे केलं होतं, आणि डोमाच्या बाबतीतही नकळत ती तेच धरून बसली होती. जायचं ते जाईल आणि एक दिवस वजन थांबेल. मग जे उरेल त्याच्याबरोबर राहता येईल. पण ते थांबत नव्हतं. आधी माणसांची नावं गेली, मग माणसं गेली. मग भाषा गेली, म्हणजे तिची आणि त्याची जी भाषा होती ती.

ती सांगलीची. पहिल्या भेटीत हा उंच काळा इंजिनियर इतकं शुद्ध आणि मोजकं मराठी बोलला की तिला वाटलं पुण्याचा असेल. तो एकेक शब्द तपासून ठेवायचा, जणू कुणीतरी परत मागणार आहे. लग्नानंतर गावी गेल्यावर अंगणात पाऊल टाकताच तो भराभर वेगळंच बोलायला लागला, मले, तुले, काऊन, कुठी. आणि ती दारात उभी राहून या अनोळखी माणसाकडे बघत राहिली. घराला खिडकी नव्हती. आत अंधार, जाळ्यांचा ओला वास, आणि अंधारात पुष्कळ माणसं असल्याची जाणीव. परतताना एसटीत तो पुन्हा आपल्या मोजक्या मराठीत आला आणि म्हणाला, ‘आपण घर बांधू तेव्हा मागची भिंत सगळी उजेडाची करायची.’ म्हणून हे काचेचं दार. हे त्याने स्वतः उभं राहून बसवून घेतलं होतं. आता त्याला ते दार आहे हे कळत नव्हतं, ते मराठीही गेलं होतं, आणि उरलं होतं ते त्या अंधाऱ्या घरातलं बोलणं, तेही दोन-चार वाक्यांपुरतं. त्यातलं एक तो दिवसातून कितीदा तरी म्हणायचा, तिच्याकडे बघून, कमरेशी बोटं चाळवत: “बाई, सोड ना वं.”

बाई. पहिल्यांदा तो तिला बाई म्हणाला तेव्हा ती भांड्यांना राख लावून उठली होती, आणि तिला वाटलं, त्याला आपण धुणंभांड्याची बाई वाटतोय. ती त्या रात्री जेवली नाही. मग तिने त्याची सवय करून घेतली. हाक तर मारतो. आणि ‘सोड’ म्हणजे काय हे समजायला तर वेळच लागला नाही. तो लेंग्याच्या नाडीशी चाळा करायचा, गाठ ओढायचा, त्याला ती सुटायची नाही. ती उठायची, नाडी सोडायची, त्याला धरून संडासात न्यायची. तो तिथे भिंतीकडे बघत उभा राहायचा. पुष्कळदा काहीच व्हायचं नाही. ती बाहेर थांबायची, पाणी ओतल्याचा आवाज करायची, लहान मुलाला करतात तसा. मग परत आणून नाडी बांधायची. बसवलं की थोड्या वेळाने पुन्हा, बाई, सोड ना वं. डॉक्टर म्हणाले, मूत्रमार्गाचा दाह असेल, तपासून घ्या. तपासलं. दाह नव्हता.

“मॅडम, काच साधीच हाय ना?” मिथुनने बोटाच्या पेरांनी काच वाजवली. कान लावला. “टफन असन त भोक नाई पडत. कोपऱ्यात शिक्का रायते, पण तुमचा कोपरा पट्टीच्या आत गेला. दिसत नाई.”

सकाळी तिने स्कूटरवर घालायचा, चकाकी कापणारा काळा चष्मा डोळ्यांवर असतानाच या दाराकडे पाहिलं होतं. पाव आणून ती आत येत होती. ऊन तिरपं होतं, आणि त्या चष्म्यातून सबंध काचेवर फिकट काळसर ठिपके उमटलेले दिसले, ओळींनी, बिबट्याच्या अंगावर असतात तसे. तिने चष्मा काढला, काच स्वच्छ. चष्मा घातला, ठिपके. हे काय आहे ते तिला माहीत होतं. काच भट्टीत तापवून तिच्यावर गार हवेचे झोत मारतात. झोत जिथे बसले तिथे ताण अडकून राहतो, आणि अशा चष्म्यातून तो ताण दिसतो. कडक केलेली काच. हिला बाहेरून कितीही थोपटा, ती सोसते. पण टोक एकदा आतल्या ताणापर्यंत पोचलं की तडा जात नाही, तुकडा पडत नाही, सगळीच जाते. हे तिला माहीत होतं. सकाळी पाव ओट्यावर ठेवताना माहीत होतं, मिथुनला चहा देताना माहीत होतं.

“साधीच असावी,” ती म्हणाली.

आपण हे म्हटलं याचं तिला फार आश्चर्य वाटलं नाही. जणू दुसऱ्या खोलीत कुणीतरी बोललं. मिथुनने काच बसवायच्या लांबीचा, पुट्टीचा गोळा मळून काचेवर लहानसं आळं केलं, त्यात पाणी ओतलं, यंत्राचं टोक पाण्यात टेकवलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. बारीक, चिवट आवाज होऊ लागला, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा, आणि डोमाने मान वर केली. रीता आवाज ऐकत उभी होती. अजून म्हणता येईल, थांबा. अजून. ती म्हणाली नाही, आणि मग काच गेली.

आवाज मोठा नव्हता. पोतंभर ज्वारी फरशीवर ओतावी तसा. क्षणभर काच जागच्या जागी पांढरी झाली, आणि मग वरपासून खालपर्यंत खडीसाखरेसारखी खाली बसली. मिथुन मागे फेकल्यासारखा बसला, हातातलं यंत्र फिरतंच राहिलं. “अरे बाप्पा!” कुणाला लागलं नव्हतं. अशा काचेचे तुकडे बोथट असतात, हेही तिला माहीत होतं. मांजर दिवाणाखाली गेलं होतं. ढिगातून अजून कडकड असे बारीक आवाज येत होते. तुकड्यांत राहिलेला ताण सुटत होता. दाराच्या चौकटीत आता काहीच नव्हतं. बाहेरचं ऊन, कपडे वाळत घालायची तार, कण्हेरीचं झाड, हे सगळं एकदम जवळ आलं होतं, आणि नाल्याकडची हवा सरळ घरात येत होती.

डोमा उठला. एका नखाचं काम राहिलं होतं. गोकुळाबाईने हात मागे घेतला. तो काचेच्या खड्यांवरून अनवाणी चालत गेला, खडे त्याच्या पायांखाली कुरकुरले, त्याने खाली पाहिलं नाही. चौकटीतून वाकून, कुणीतरी मधे असल्यासारखं अंग चोरून, तो बाहेर पडला. मिथुनची हातगाडी आत घ्यायला फाटक उघडं ठेवलेलं होतं.

“मॅडम. साहेब बाहेर गेले.”

“हो,” रीता म्हणाली.

ती त्याच्या मागे गेली, पण धावली नाही, हाकही मारली नाही. त्याच्या आणि तिच्यामध्ये एका घराचं अंतर होतं आणि ते तिने तसंच राहू दिलं. त्याला असं मागून चालताना तिने किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं. घरात तो पाय घासत चालायचा. इथे नाही. रस्ता ओलांडताना तो कुठे बघत नव्हता, एक ट्रक जोरात कर्णा वाजवून त्याला चुकवून गेला, आणि रीताच्या लक्षात आलं की ट्रक दिसला तेव्हा आपल्या छातीत जे झालं त्यात भीती होती, आणि भीतीच्या खाली, अगदी तळाशी, दुसरंही काहीतरी होतं. तिने त्याला नाव दिलं नाही. पण ते मोजता येण्याइतकं होतं.

नाला फार मोठा नव्हता. काळसर पाणी, काठाला बेशरमाची झाडं, पुढे जाऊन तो इरई नदीला मिळायचा. डोमा उतारावरून सरळ खाली गेला आणि पाण्यात शिरला. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. मग गुडघे दिसेनासे झाले. लेंगा फुगून वर आला. तिथे तो उभा राहिला. रीता काठावर थांबली. पाऊस दोन दिवस नव्हता तरी पाण्याला ओढ होती, आणि पुढे तळ एकदम खोल आहे हे तिला माहीत होतं. गेल्या वर्षी तिथे म्हैस गेली होती. हाक मारायला हवी. घशात हाक तयार होती, तिला तिचा आकार जाणवत होता. ती आली नाही. कितीतरी वेळ ती नुसती उभी होती, आणि तिला इतकं दमल्यासारखं वाटत होतं की हे पाणी, हा माणूस, हे ऊन, सगळं आता आपल्याविना व्हावं, आपल्याला विचारू नये. मागे पावलं वाजली. गोकुळाबाई शेजारी येऊन उभी राहिली. तिनेही हाक मारली नाही.

डोमाने वळून पाहिलं. दोघी दिसल्या असाव्यात. पण तो रीताकडेच बघत होता. पाण्यात दोन्ही हात कमरेशी गेले, बोटं ओल्या नाडीशी चाळवायला लागली.

“बाई,” तो म्हणाला, “सोड ना वं.”

“त्यांना संडासला लागली असेल,” रीता म्हणाली. “असंच म्हणतात. मी नाडी सोडते, नेते.”

गोकुळाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग पाण्यात त्याच्याकडे. “असं म्हणते तो? तुले? रोज?”

“रोजच.”

“अन् तू नाडी सोडतं?”

“मग काय करू?”

गोकुळाबाई खाली बसली, उतारावरच, चिखलात. तोंडाला पदर लावला. रीताला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती, आणि मग तेही नव्हतं. “नाडी नाई वं ते,” ती म्हणाली. “दोर हाय. मी बांधत होती त्याले. माय-बाप पहाटे जाळं घेऊन जात होते नदीवर, अन् हा मायाकडे. मी केवढी, आठ-नऊ वर्साची. घर सारवा, पाणी आणा, भाकर टाका, याले कोण पाहीन? नदी अशी दारासमोर. आमच्याकडे सारेच बांधत होते लेकराले. जाळ्याचा जुना दोर, कमरेले अशी गाठ, अन् दुसरं टोक घराच्या खांबाले. दिवसभर. त्याचं आपलं एकच, बाई, सोड ना. बाई, सोड ना वं. माय आली का मंग सोडत होती मी.” ती थांबली. “मोठ्या बहिणीले बाई म्हणते आमच्यात. पण मले नाई म्हणत तो बाई आता. मले ओळखतच नाई. कालपासून एक डाव नाई म्हणला. तुले म्हणते.”

रीताला दिसत होतं ते एवढंच: तीच गाठ, तिच्या हातांनी दिवसातून कितीदा तरी सोडलेली, आणि परत बांधलेली. प्रत्येक वेळी नीट, घट्ट, सुटू नये अशी. तो संडासात भिंतीकडे बघत उभा राहायचा ते त्याला जिथे जायचं होतं तिथे नेलं नाही म्हणून, आणि ती बाहेरून पाणी ओतल्याचा आवाज करायची. पाण्याचा आवाज. बाई म्हणजे मोलकरीण नव्हती. त्याच्या या उरलेल्या जगात बाई म्हणजे जी बांधून ठेवते ती, आणि ते त्याने अगदी बरोबर ओळखलं होतं. बाकी सगळं विसरून त्याने तिला ओळखलं होतं.

गोकुळाबाईच पाण्यात उतरली, लुगडं गुडघ्यावर घेऊन, सहज, आणि त्याचं मनगट धरून त्याला बाहेर घेऊन आली. तो आला. त्याला कशालाच विरोध नव्हता. परतताना त्याच्या तळपायातून थोडं रक्त येत होतं. एखादा खडा रुतला असेल. रस्त्याच्या कडेला तिघं थांबली, ट्रक जाऊ देण्यासाठी, आणि तेव्हा गोकुळाबाई रस्त्याकडे बघतच बोलली.

“आता आयक. मायाकडे दार हाय, पण ते उघडंच रायते. नदी इथून त्या खांबापर्यंत. पावसात त्याहून जवळ. पोरं डोंग्यावर, सुना धानात. मी म्हातारी, दुपारचा डोळा लागते. अन् मी त्याले बांधणार नाई. लहान होता तवा बांधला, आता नाई बांधत. मी नेतो म्हणतो त कायले नेतो, समजलं का तुले?”

“समजलं,” रीता म्हणाली.

“नाई समजलं त नको देऊ. तू वाईट नाई. तू लय केलं. दुसरी असती त कवाची पळाली असती. पण दोन साल झाले तू मले बघू म्हणून राह्यली. आज तोंडानं सांग. उद्या कोणी पुसलं त मी म्हणन, रीतानं देल्ला. अन् तुले पुसलं त तू म्हण, गोकुळानं नेला. आर्धं तुया अंगावर, आर्धं माया. एकटीच्या अंगावर नाई पेलत हे.”

ट्रक गेला. त्यांनी रस्ता ओलांडला.

घरात मिथुनने खडे झाडून पोत्यात भरले होते आणि अपराधी चेहऱ्याने भिंतीशी उभा होता. त्याच्या पायाशी प्लायवूडचा एक तक्ता होता. दुकानातून मागवला असावा. “मॅडम, टफनच निघाली जी. माई चूक. नवी काच मी लावून देतो. पण आता भोक पाडूनच काच भट्टीत टाकावं लागते, नागपूरले. वेळ लागन. तवरिक हे प्लाय मारून देतो. मजबूत हाय. बिबट काय, वाघ नाई येत.”

“तुमची चूक नाही,” रीता म्हणाली. त्याला ते सौजन्य वाटलं. ती पुढे काही सांगणार होती, पण त्याने तक्ता उचलून चौकटीला लावून पाहिला आणि खोली एकदम अंधारली. मागची भिंत उजेडाची होती ती गेली. अंधारात फक्त ओल्या कपड्यांचा वास होता, नाल्याचा, चिखलाचा, आणि माणसं असल्याची जाणीव. लग्नानंतर दारात उभं राहून बघितलं होतं ते घर तिला आठवलं, आणि तेव्हा आत जायचा जो धीर झाला नव्हता तो आठवला. कुठेतरी मांजर हळूच ओरडलं. डोमाच्या खुर्चीचा आवाज झाला. तो उठला असावा. मग प्लायवर तळहातांचा आवाज आला. काचेसारखा नाही, बोदा, मेलेला.

“खिळे मारू का, मॅडम?” तक्त्यामागून मिथुन म्हणाला.

प्रफुलला फोन करायला हवा. डॉक्टरांची तारीख आहे. गोळ्यांची पाकिटं आणून ठेवली आहेत. हे सगळं तिच्या मनात एकामागून एक आलं आणि एकेक करून निघून गेलं, आणि त्यानंतर काही आलं नाही. ‘बघू’ हा शब्दसुद्धा आला नाही. तिने गळ्यातला दोरा काढला, किल्ली हातात घेतली, आणि ती कुठे ठेवायची ते न सुचून तशीच धरून राहिली. गोकुळाबाई आपली पिशवी बांधत होती. अंधारातही तिचे हात चुकत नव्हते. गाडीची वेळ झाली होती आणि ती घाई करत नव्हती.

“थांबा, मिथुनभाऊ,” रीता म्हणाली. मग वळली. तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण तो अगदी साधा निघाला, भाजीत मीठ किती ते सांगावं तसा.

“बाई, न्या त्यांना. आणि बांधू नका.”